डबा तळ्याकाठीच उघडायचा

रविवारी सकाळी पावणेसहाला दारावरची बेल वाजली, तेव्हा पेंटर अंथरुणात पालथा पडून मेल्याचं सोंग करत होता. गेले दोन आठवडे त्याने शिडीवर काढले होते. एका दुकानाची भलीमोठी पाटी रंगवताना मान जी वाकडी झाली होती ती अजून सरळ व्हायला तयार नव्हती. आज दुपारपर्यंत उठायचं नाही, हा बेत त्याने सोमवारपासून जपून ठेवला होता.

"उठा," बायको म्हणाली. "दादा आला."

"मला ताप आहे."

"हात लावून बघितला मी. नाहीये."

"येईल. थोडा वेळ दे."

दादा म्हणजे बायकोचा थोरला भाऊ. तीस वर्षं शाळेत कवायत शिकवून निवृत्त झाला होता. शाळा सुटली, पण गळ्यातली शिट्टी काही सुटली नव्हती. एक शिट्टी म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला, आणि लांबलचक एक म्हणजे सापडलं! काय सापडायचं ते मात्र प्रसंगावर असे.

"अजून लोळताय?" दादा दारातूनच गरजला. "पाच तळ्यांचं जंगल आहे ते! झाडी आहे, घळ आहे. घळीवरून पूल टाकलाय. दोन तासांत मोठ्या तळ्यावर. आणि हे बघा, डबा तळ्याकाठीच उघडायचा. त्याआधी कुणी डब्याला हात लावायचा नाही."

पेंटरने बायकोकडे दयेची याचना करणाऱ्या नजरेने पाहिलं. तिने हळूच सांगितलं, "तुमच्या पाट्या लागल्यात तिथे. मला बघायच्यात हो."

इथे त्याचा नाइलाज झाला. गेल्या महिन्यात जंगलाच्या कचेरीने त्याच्याकडून वाटेवरच्या पाट्या रंगवून घेतल्या होत्या. 'मोठे तळे' अशी अक्षरं आणि खाली बाण. बायकोने तेव्हा रात्री जागून पाट्या पंख्याखाली वाळवल्या होत्या. अठरा वर्षांच्या संसारात तिने स्वतःहून कुठे जाऊया म्हणण्याची ही दुसरी की तिसरी वेळ. पेंटर उठला. गुडघे त्याच्यानंतर उठले.

जंगलाच्या फाटकापाशी पहिलीच पाटी होती. ठसठशीत पांढरी अक्षरं, खाली उजवीकडे जाणारा डौलदार बाण. दादा पाटीसमोर कमरेवर हात ठेवून उभा राहिला. लग्नाच्या वेळी हाच दादा म्हणाला होता, "मुलगा बरा आहे, पण रंगारी आहे." त्यानंतर त्या 'पण'च्या पुढे तो कधी सरकला नव्हता.

"वा!" दादा म्हणाला. "अक्षर असावं तर असं! मानलं बुवा तुम्हाला. रंगारी नाही, कलावंत आहात तुम्ही."

पेंटरचा स्वतःच्या कानांवर विश्वास बसेना. बायकोने घाईघाईने दुसरीकडे तोंड फिरवलं, पण तिचे डोळे भरून आलेले त्याने पाहिले. वाकड्या मानेतही त्याला एकदम बळ आल्यासारखं वाटलं.

ते बळ दोन फर्लांग टिकलं. चढ चढून ते एका मोडक्या बाकापाशी आले. तिथे वाटेला दोन फाटे होते आणि दुसरी पाटी होती. मोठे तळे, उजवीकडे. तिथून वाट घळीत उतरली. खाली पूल, पुलापलीकडे तिसरी पाटी, मोठे तळे, उजवीकडे. मग पायऱ्या. पेंटरने त्या मोजल्या, कारण दुसरं काही करण्याइतका श्वास उरला नव्हता. दोनशे बारा भरल्या. वर दाट झाडीत चौथी पाटी. मोठे तळे, उजवीकडे.

त्या चौथ्या पाटीसमोर पेंटर थबकला. त्याला सगळं आठवलं. कचेरीतल्या माणसाने यादी दिली होती, कुठल्या नंबरच्या पाटीवर डावा बाण आणि कुठल्या पाटीवर उजवा. काम घाईचं होतं. बाण उमटवायचा पुठ्ठा कापलेला होता तो उजव्या बाजूचा. उलटा धरला की डावा बाण होणार, पण पाठीमागे ओला रंग, तो पुसायचा, वाळवायचा. पेंटर त्या दिवशी इतका दमला होता की आधी सगळे उजवे उरकू, मग डाव्यांचं बघू असं त्याने ठरवलं. आणि उजवे उरकता उरकता पाट्याच संपल्या. यादीचं काय झालं? यादीला त्याने ब्रश पुसला होता.

"काय झालं? थांबलात का?" दादाने विचारलं.

"काही नाही. अक्षर बघत होतो."

"बघण्यासारखंच आहे!" दादा म्हणाला आणि बायकोचा चेहरा पुन्हा फुलला.

आता सांगावं तरी कसं? अठरा वर्षांनी मिळालेली शाबासकी, तिला अजून दोन तासही झाले नव्हते. तिच्या माहेरच्या माणसाने तिच्या नवऱ्याला कलावंत म्हटलं होतं. 'बाण चुकलेत' म्हटलं की दादा पुन्हा 'रंगारी'वर येणार, आणि बायको मान खाली घालून घरी परतणार. पेंटरने ठरवलं, जीव गेला तरी चालेल, पण तोंड उघडायचं नाही. डबा त्याच्याच खांद्यावर होता आणि पोटात कावळे ओरडत होते.

झाडीतून बाहेर आले तर समोर मोडकं बाक.

"हे बाक मघाशी होतं ना?" बायकोने विचारलं.

"छे!" दादा म्हणाला. "कचेरीची बाकं सगळी सारखीच. एकाच सुताराने केलेली आणि एकाच दिवशी मोडलेली. चला!" दोन शिट्ट्या.

पेंटरने घामाने चिंब झालेला रुमाल पिळला आणि बाकावर वाळत टाकला. निघताना तो तिथेच राहिला. मग पुन्हा घळ, पुन्हा पूल. पायऱ्या या खेपेला त्याने मोजल्या नाहीत. त्या तेवढ्याच असणार याची त्याला खात्री होती. पन्नास मिनिटांनी बाक आलं, आणि बाकावर रुमाल.

"बघा!" दादा आनंदाने म्हणाला. "आपल्या पुढे कुणीतरी गेलंय. बरोबर वाटेवर आहोत आपण."

"रुमालावर निळ्या रंगाचा डाग आहे," बायको म्हणाली.

"असेल कुणी रंगारी," दादा म्हणाला.

पेंटरने गुपचूप परक्याचा असल्यासारखा तो रुमाल उचलला आणि तोंड पुसलं. त्याला आता तळं नको होतं, कलावंतपण नको होतं, त्याला फक्त आडवं व्हायचं होतं. "दादा," तो चाचरत म्हणाला, "एखाद वेळेस... डावीकडे जाऊन बघूया का?"

"डावीकडे?" दादाने त्याच्याकडे असं पाहिलं, जणू कवायतीत कुणी चुकीचा पाय उचलला होता. "पाटी उजवीकडे म्हणतेय. पाटी म्हणजे हुकूम! आणि तुम्हीच रंगवलीय की हो. स्वतःच्या कामावर विश्वास नाही तुमचा?"

आपल्याच बाणाने आपल्यालाच हाकलावं, अशी वेळ कुणावर येऊ नये. तिसरी फेरी झाली. पाच तळ्यांच्या जंगलात एवढं हिंडून एकाही तळ्याचं पाणी नजरेला पडलं नव्हतं. चौथ्यांदा बाक आलं तेव्हा पेंटर त्यावर बसला नाही, कोसळला. बाकाचा उरलेला पायही वाकला.

दादाने त्याला न्याहाळलं आणि निदान केलं. "दोष तुमच्या चालीत आहे. तुम्ही हळू चालता, म्हणून तळं येत नाही. बसा दोघं इथेच. मी झपाझप पुढे जातो. सापडलं की लांब शिट्टी."

आणि तो उजवीकडे घळीत उतरून दिसेनासा झाला.

शेवटी पेंटर म्हणाला, "अगं, तुला एक सांगायचंय. ते बाण..."

"सगळे उजवे आहेत," बायको म्हणाली.

पेंटर ताडकन उठून बसला. "तुला कधी कळलं?"

"घळीतल्या पाटीलाच. पुठ्ठा कुणी कापून दिला होता? मीच ना! बुटाच्या खोक्याचा. दुसऱ्या बाजूचा पण कापून देते म्हटलं, तर तुम्ही म्हणालात, उलटा धरला की झालं."

"मग बोलली का नाहीस? पायऱ्या तू पण चढलीस तीन वेळा!"

बायकोने चप्पल काढून टाच चोळली. "काय बोलू? अठरा वर्षांत दादाच्या तोंडून तुमच्याबद्दल एक चांगला शब्द निघाला. त्यासाठी तीन फेऱ्या म्हणजे काय मोठंसं?"

पेंटरला हसावं की रडावं कळेना. म्हणजे दोघंही एकाच शब्दासाठी एवढं मर मर चालले होते, आणि एकमेकांना चोरून! त्याने तिची पिशवी घेतली, डबा घेतला, आणि दोघं डावीकडच्या वाटेला लागले.

तळं दहा मिनिटांवर होतं. मोठं, शांत, चारी बाजूंनी झाडी, काठावर चिटपाखरू नाही. पेंटरने पाय पाण्यात सोडले आणि तोंडातून "आई गं" एवढंच निघालं. बायकोने डबा उघडला.

"उद्या येऊन बाण दुरुस्त करून टाकतो," तो घास घेत म्हणाला. "दादालाही सांगतो. खरं ते सांगायलाच हवं."

"सांगा. पण दिवस तरी मावळू दे त्या शब्दावर."

तेवढ्यात पलीकडच्या झाडीतून दोन शिट्ट्या ऐकू आल्या. चला, चला. आवाज बाकाच्या बाजूने आला, जरा घुटमळला आणि पुन्हा घळीकडे उतरू लागला.

बायकोचा घास हातातच राहिला. "अहो, बाकापाशी आपण नाही म्हटल्यावर घाबरला असेल. हाक मारू का?"

पेंटरने कान दिला. शिट्टी खणखणीत होती. घाबरलेल्या माणसाची मुळीच वाटत नव्हती. आपल्याला मागे टाकून दोघं पुढे गेले म्हणून पेटून उठलेल्या माणसाची होती.

"त्याच्या वाटणीचं ठेवलंयस ना?"

"ठेवलंय की."

"मग होऊ दे अजून एक फेरी," पेंटर म्हणाला आणि पाय पाण्यातच ठेवून मागे गवतावर आडवा झाला. दोन आठवड्यांत पहिल्यांदाच त्याची मान सरळ टेकली.