मालकाची सही

नवऱ्याची रक्षा फ्रान्समधल्या नदीकाठच्या त्यांच्या नेहमीच्या सुट्टीच्या तळावर सोडायची आणि त्यांच्याच फिरत्या घरातून, कॅरॅव्हानमधून न्यायची, हे बाउक्येनं अंत्यसंस्काराहून परततानाच ठरवलं होतं. तिची मुलगी सीत्स्के नाही म्हणाली नाही. सगळा उन्हाळा दोघी एकमेकींना नाही म्हणायचं टाळत होत्या.

निघण्याआधी कॅरॅव्हान मोटारीला जोडून त्या गावाबाहेरच्या तपासणी केंद्रावर गेल्या. पाऊस भुरभुरत होता. तिथल्या तपासनीस विबेनं कॅरॅव्हान वजनकाट्यावर चढवली आणि कपाळाला हात लावला.

"काकू, आत काय हत्ती भरलाय?"

"बटाटे."

"फ्रान्समध्ये मिळत नाहीत?"

"मिळतात. पण ह्यांना तिकडचे चालत नाहीत. शिजले की लगदा होतो म्हणतात."

'म्हणतात' ऐकून सीत्स्के पावसाकडे बघायला लागली.

पोती उतरली. मग कॉफीचे डबे उतरले. सीत्स्केनं बाबांची हत्यारपेटी उचलली, तशी बाउक्ये म्हणाली, "ती राहू दे," आणि स्वतःच्या कपड्यांची बॅग बाहेर ठेवली. वजन एकदाचं नियमात बसलं. तेवढ्यात विबे चाकांपाशी वाकला.

"टायर चिरलेत. हे सीमेपर्यंतसुद्धा टिकायचे नाहीत."

"मग बदला."

"बदलतो. कागद बघू." त्यानं कागद चाळले. "ही डुर्क वीर्डांच्या नावावर आहे. दुसऱ्याची कॅरॅव्हान परदेशात न्यायची तर मालकाची सही हवी. कुठायत ते?"

"मागच्या सीटवर."

विबेनं मोटारीची काच पुसून आत डोकावलं. कलशाला सीटबेल्ट लावलेला होता. त्यानं टोपी काढली. पाऊस होता म्हणून जरा वेळानं परत घातली.

"माफ करा, काकू. पण आधी ही तुमच्या नावावर करावी लागेल. तोवर सीमेपलीकडे नेता येणार नाही. आणि... त्यांना न्यायलाही कागद लागतात."

सीत्स्केनं दहनाचा दाखला पुढे केला. विबेनं तो दोनदा वाचला.

"ह्यांचं सगळं चोख आहे. हे जाऊ शकतात."

बाउक्ये कॅरॅव्हानच्या पायरीवर बसली. सीत्स्केला वाटलं, आता ही रडणार.

"मी जन्मभर हॉटेल मागत होते," बाउक्ये म्हणाली. "हे म्हणायचे, मी जिवंत असेपर्यंत नाही."

मग नाक पुसून म्हणाली, "लाव फोन."

सीत्स्केनं तळाजवळच्या हॉटेलला फोन लावला. "आई, माणसं किती, विचारतायत."

बाउक्येनं मागच्या सीटकडे पाहिलं.

"तीन सांग," ती म्हणाली. "पण नाश्त्याचे पैसे दोघींचेच देऊ म्हणावं."