सव्वा किलोची गारगोटी

सासऱ्यांच्या गॅरेजमध्ये भट्टी लावून कुंभाराला अकरा महिने झाले होते आणि बारावा संपला की सासरे निकाल देणार होते. कुंभार हा काही पिढीजात नव्हे. विम्याच्या कचेरीतली बरी चाललेली नोकरी सोडून हौसेनं मातीत उतरलेला गडी. सासऱ्यांनी तेव्हा आदळआपट केली नाही. गाडी बाहेर उन्हात काढली आणि किल्ली त्याच्या हातावर ठेवली. "वर्षभर बघू, जावईबापू. स्वतःचं असं काही करून दाखवलंत तर गॅरेज तुमचं. नाहीतर गाडी आत आणि तुम्ही परत कचेरीत."

आता स्वतःचं असं काही म्हणजे नेमकं काय, याचा पत्ता कुंभाराला अकरा महिने लागला नव्हता. कप सगळेच करतात. शेवटी त्यानं ठरवलं की भांड्यांवर चढणारी चकाकी विकतच्या पुडीतली नको, ती आपणच दगड भाजून, कुटून करायची. मग दिसेल तो दगड भट्टीत जाऊ लागला. रस्त्यावरची खडी लालसर झाली, एवढ्यावर तो दिवसभर खूश होता. काळा दगड मेणासारखा वितळला आणि भट्टीच्या फळीला असा चिकटला, की फळीच टाकून द्यावी लागली. नदीतला गोटा आतल्या ओलीनं फुटला आणि त्यानं चार कपांचे कान उडवले. कुंभारानं वहीत लिहिलं, 'निष्कर्ष आशादायक.'

अडलं होतं ते गारगोटीपाशी. गारगोटीशिवाय चकाकी नाही. बाजारात तिची पूड मिळते, पण विकत आणली की 'स्वतःचं'पण गेलं. आणि घरात गारगोटी होती एकच, दिवाणखान्यातल्या शोकेसमध्ये, मखमलीच्या तुकड्यावर.

ती सासऱ्यांची. लग्न नुकतंच झालेलं असताना त्यांनी एक अवघड शिखर सर केलं होतं. शेवटचा टप्पा रांगत चढले. वर सगळीकडे गारगोटीच गारगोटी, त्यातला एक पांढराशुभ्र दगड त्यांनी बायकोसाठी खाली आणला. सासूबाई गेल्या, पण दगड राहिला आणि गोष्टही. घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला चहाआधी ती ऐकावी लागे. गोष्टीच्या शेवटी सासरे दगड तळहातावर घेत आणि म्हणत, "सव्वा किलो. ग्रॅमभर इकडे नाही की तिकडे नाही." यावर कुणी शंका घेत नसे, कारण सासरे वजनमापं खात्यात निरीक्षक म्हणून निवृत्त झाले होते. कलिंगड नुसतं उचलून ते वजन सांगत, आणि बाजारातले दुकानदार अजून त्यांना पाहून काटा पुसायला घेत.

सासरे चार दिवस बहिणीकडे गेले तेव्हा कुंभारानं विचार केला. गारगोटी भाजली तर काय होतं? फार तर जरा भेगाळते. भाजून पाहायची, जागच्या जागी ठेवायची, कुणाला कळतंय? बायको कामावर गेल्यावर त्यानं दगड कपांच्या रांगेत ठेवला आणि भट्टी हजार अंशांवर नेली.

दुसऱ्या दिवशी भट्टी उघडली तर दगड अखंड. उलट आणखीच पांढरा. कुंभाराला हायसं वाटलं, पण दगड उचलला आणि त्याचा चेहरा उतरला. स्वयंपाकघरातल्या काट्यावर भरला सातशे ग्रॅम. गारगोटीनं असं वागायला नको होतं. पण वजन काही डोळ्यांना दिसत नाही, अशी स्वतःची समजूत घालून त्यानं तो मखमलीवर नेऊन ठेवला.

सासरे आले आणि रविवारी शोकेस पुसायला बसले. मी पुसतो, तुम्ही आराम करा, असं कुंभारानं तीनदा म्हणून पाहिलं. "बाकीचं पुसा हवं तर. दगडाला मीच हात लावतो," सासरे म्हणाले आणि त्यांनी दगड उचलला.

त्यांनी तो तळहातावर दोनदा तोलून पाहिला. मग उठून काट्यापाशी गेले. सातशे. ट्रंकेतून त्यांनी जुनं पितळी किलोचं माप काढलं आणि काटा तपासला. काटा बरोबर होता. स्वतःच्या उघड्या तळहाताकडे त्यांनी असं पाहिलं, की कुंभाराला खरोखर लाज वाटली. म्हातारा माणूस, आपण कशाला त्याच्या हाताचा भरवसा घालवला?

इतक्यात सासऱ्यांनी ओलं फडकं पिळून दगडावरून फिरवलं. दगड सुस्कारला. त्यातून वाफ निघाली. सासऱ्यांनी चटका बसल्यासारखा तो ओट्यावरच्या ताटात सोडला, आणि दोघांच्या डोळ्यांदेखत त्याला तडे गेले, पापुद्रे सुटले आणि दहा मिनिटांत ताटात गरम पांढऱ्या पिठाचा ढीग उरला.

भट्टीत हलकं व्हायचं आणि पाणी लागताच फुटायचं, असं फक्त चुनखडी करते, हे कुंभाराला आत्ता आठवलं. पण शिखरावर तर गारगोटी होती ना? ते कोडं सोडवायला त्याला सवड नव्हती. गॅरेज गेलं होतं. निदान माणसासारखं कबूल तरी करावं म्हणून त्यानं घसा साफ केला.

"बाबा, मला तुम्हाला एक सांगायचंय."

"आधी माझं ऐका." सासऱ्यांचा आवाज ओला झाला होता. "मी त्या शिखरावर गेलोच नाही. अर्ध्या वाटेत धाप लागली. बाकीचे उतरेपर्यंत एका टपरीवर बसून राहिलो. हा दगड बांधकामाच्या ढिगातला. उचलला आणि तुमच्या सासूबाईंना दिला. तिनं तो असा छातीशी धरला, की पुढे सांगायची हिंमतच झाली नाही. जन्मभर लोकांची खोटी मापं पकडली, आणि स्वतःच्या घरात हे ठेवलं. शेवटी त्या दगडालाच सहन झालं नाही."

कुंभाराच्या तोंडात वाक्य तयार होतं. पहिला शब्द ओठांवर आला होता. तो त्यानं गिळला. मग सासऱ्यांच्या खांद्यावर हात ठेवून तो म्हणाला, "जाऊ द्या, बाबा. माणूस आहे, चुकतं. मी तुम्हाला माफ केलं."

सासऱ्यांनी डोळे पुसले. त्याला काय सांगायचं होतं ते विचारायचं त्यांच्या लक्षातही राहिलं नाही.

संध्याकाळी जेवताना कुंभाराच्या बायकोनं दगडाची चौकशी केली. सासऱ्यांनी तिला सगळं सांगून टाकलं, अगदी टपरीसकट, आणि वर म्हणाले, "गॅरेज मी तुझ्या नवऱ्याला देऊन टाकतोय. इतक्या वर्षांत माझ्या तोंडून खरं काढणारा हा पहिलाच. घरात एक तरी सच्चा माणूस हवा."

"एवढं काही नाही, बाबा," कुंभार ताटाकडे बघत म्हणाला. आणि त्या दिवसातलं त्याचं तेवढं एकच वाक्य खरं होतं.