टिकलीएवढं ऑपरेशन

डॉ. आकांक्षाने अंजनगावला वडिलांना फोनवर सांगूनच टाकलं होतं, की माझ्या हातचं ऑपरेशन झालेली बाई दुसऱ्या दिवशी चालायला लागेल आणि बघणाऱ्याला पत्ताही लागणार नाही! तिचं हे म्हणणं शब्दशः खरं ठरलं. तिथेच सगळं बिघडलं.

अकोल्याच्या त्या दवाखान्यात ती बायकांच्या दुर्बिणीच्या ऑपरेशनची फेलोशिप करत होती. फेलोशिप म्हणजे काय, तर डॉ. गजेंद्र सर ऑपरेशन करणार आणि ही बाजूला उभी राहून कॅमेरा धरणार. धरून धरून तिची मान लग्नातल्या नवरीसारखी एकाच बाजूला कलली होती. शेवटी सरांनी तिला स्वतःची पहिली केस दिली आणि नागपूरला परिषदेला जाता जाता बजावलं, की पोट उघडायची वेळ आणलीस तर पुन्हा कॅमेरा.

केस होती तेल्हाऱ्याच्या शकुनची. तीन वर्षं तिच्या अंगावरून रक्त जात होतं. घरात सगळ्यांना माहीत होतं, पण पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, कामातून सवड कुणाला? आकांक्षाने गर्भाची पिशवी काढली, तीही इतकी सफाईदार की भूल देणारे डॉक्टरसुद्धा मोबाइल खाली ठेवून पडद्याकडे बघत बसले. पोट उघडावं लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी शकुनची सासू माणिकबाई वॉर्डात बसली होती. आकांक्षाने हौसेने पांघरूण सारलं आणि पोटावरच्या चार बारीक पट्ट्या दाखवल्या. टिकलीएवढ्या.

माणिकबाईने त्या वाकून बघितल्या. मग उठली, पदर सारला आणि स्वतःच्या पोटावरचा बेंबीपासून खाली गेलेला लांबलचक व्रण उघडा केला.

"याले म्हनते आपरेशन," ती म्हणाली. "सव्वा महिना खाटीवरून उतरली नाई मी. हे त सुई टोचल्यासारखं हाय."

आणि तिने तिथल्या तिथे मुलाला, शकुनच्या नवऱ्याला, खुशालला फोन लावला. उद्याच गाडी घेऊन ये, हिला काही मोठं झालेलं नाही, कापूस वेचायला बाया मिळत नाहीत, घरची तरी कामी येईल. आकांक्षाने घसा कोरडा होईपर्यंत समजावलं. घाव आत आहे, आतले टाके कच्चे आहेत, वाकली किंवा ओझं उचललं तर रक्त सुटेल आणि जिवावर बेतेल. माणिकबाई दुष्ट नव्हती. तिने सगळं नीट ऐकलं आणि पुन्हा त्या चार टिकल्यांकडे बघितलं. डोळ्यांना दिसत होतं ते खरं, की ही पोरगी सांगते ते खरं?

सासू चहाला गेल्यावर शकुनने आकांक्षाचा हात धरला.

"मॅडम, तुमी मोठं काहून नाई केलं? सव्वा महिना मले कोनी काई म्हनलं नसतं."

अख्खं वर्ष आकांक्षा चिरा लहान करायला शिकत होती. या बाईला मोठा हवा होता आणि तिचं काही चुकतही नव्हतं.

तिने शकुनला ड्रेसिंगच्या खोलीत नेलं आणि छातीखालपासून मांड्यांपर्यंत अशी काही चिकटपट्टी ठोकली, की आत शकुन कुठे आहे ते शोधावं लागावं! खाट परत वॉर्डात आली तेव्हा माणिकबाईच्या हातातला चहा सांडला.

"पोट फाडलं का?"

आकांक्षाने मान खाली घातली. एवढंच केलं तिने. बाकीचं माणिकबाईने स्वतः रचलं आणि खाटेखाटेला जाऊन सांगितलं, की बारीक भोकांनी मॅडमला जमलं नाही, शेवटी फाडावं लागलं. खुशालची गाडी रद्द झाली. तुपातले लाडू मागवले गेले. माणिकबाई सुनेचे पाय चेपायला बसली आणि शकुन दिवसाउजेडी गाढ झोपली.

सर परतले आणि थेट राउंडला आले. शकुनच्या खाटेपाशी ते थांबले, पट्टी बघितली, मग आकांक्षाकडे बघितलं.

"उघडलंस?"

पायाशी माणिकबाई होती. शकुन डोळे मिटून पडली होती, पण श्वास रोखलेला कळत होता.

"हो सर."

नंतर केबिनमध्ये तिने सगळं सांगितलं आणि ऑपरेशनचं चित्रीकरण लावलं. सरांनी ते पूर्ण बघितलं. काम फार छान झालंय म्हणाले. पण वॉर्डात तुझं नाव पोट फाडणारी म्हणून झालंय, आता तुझ्या हाती कोण पोट देईल, असंही म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून आकांक्षाच्या हातात पुन्हा कॅमेरा आला. तिला रडू आलं, पण मास्कमध्ये ते खपून गेलं.

शकुनला आठवड्याने पट्टी बदलायला बोलावलं होतं. ती आली पार महिना होत आल्यावर. हललं तर टाके उसवतील म्हणून पट्टीला कुणाला हात लावू दिला नाही, असं माणिकबाईने अभिमानाने सांगितलं. तिला बाहेर बसवून आकांक्षाने पट्टी सोडली. आतून वास आला. चार छिद्रं तर मिटून गेली होती, शोधूनही सापडेनात. पण चिकटपट्टीखालची सगळी कातडी सोलवटली होती, कडेकडेने फोड पिकून पू धरला होता. शकुन दात आवळून पडून होती.

तिने सरांना बोलावलं. सरांनी वाकून बघितलं. "एवढी जखम तर मी पोट फाडूनही केली नसती," ते म्हणाले.

आकांक्षाने घाव धुतला, मलम लावलं. हे उघडंच राहू दे, वारा लागला की लवकर भरेल, असं सांगून ती उठायला लागली, तर शकुनने तिची बाही पकडली.

"वेचनी सपली नाई मॅडम अजून. नवी पट्टी बांधून द्या न."

आकांक्षाने सरांकडे बघितलं. सरांनी कपाटातून पट्टीची गुंडाळी काढून तिच्या हातात दिली.

"सुती बांध," ते म्हणाले. "आणि रुंद बांध."