बाण दाखवेल तिकडे

पाटीवाले काका निवृत्त होऊन तीन महिने झाले, तरी काकूंनी समुद्र पाहिला नव्हता. लग्नानंतर "पुढच्या वर्षी नक्की" असं जे ठरलं, ते चौतीस वर्षं पुढच्याच वर्षी राहिलं. काका महापालिकेत रस्त्यांवरच्या पाट्या लावत. अख्ख्या शहराला त्यांनी वाट दाखवली, स्वतः मात्र घर आणि कचेरी सोडून कुठे गेले नाहीत. त्यांचा प्रवास संध्याकाळी, मांडीवर नकाशा घेऊन चाले. पहिल्या पेगला बंदरं, दुसऱ्याला डोंगर आणि तिसऱ्याला राजकारण. "देशाला दिशाच नाही," असं म्हणून ते आडवे होत.

अखेर एका सोमवारी सकाळी दोघं टॅक्सीत बसली. गाडी अकरा वीसची, हातात चांगला पाऊण तास. समुद्राचं पाणी भरून आणायला काकूंनी पिशवीत एक रिकामी बाटली घेतली होती. बाटल्यांना त्या घरात तोटा नव्हता.

मोठ्या चौकात टॅक्सी उजवीकडे वळू लागली.

"अहो, निघालात कुठे? स्टेशन डावीकडे!" काका ओरडले.

"उजवीकडे आहे, काका. रोज जातो मी," ड्रायव्हर म्हणाला.

"मग ती पाटी काय शोभेला लावलीय?"

खांबावर बाणाच्या आकाराची पाटी होती. तिच्यावर ठळक अक्षरांत 'स्टेशन' लिहिलं होतं आणि बाणाचं टोक डावीकडे होतं.

"त्या पाटीचं कोण ऐकतंय!"

हे मात्र काकांच्या फार जिव्हारी लागलं. "ती मी लावलीय. या दोन हातांनी."

ड्रायव्हरने आरशातून त्यांना नीट न्याहाळलं. "तरीच," तो म्हणाला.

"अहो, तो रोज जातो म्हणतोय ना..." काकूंनी सुचवून पाहिलं.

"तो टॅक्सी चालवतो. मी रस्ते चालवलेत!"

याचा अर्थ काय ते कोणालाच कळलं नाही, काकांनाही नाही. पण आवाज असा चढला होता की टॅक्सी मुकाट्याने डावीकडे वळली.

डावीकडे आधी लाकडाची वखार लागली, मग शाळेची मागची भिंत, मग दफनभूमी. "स्टेशन हलवलेलं दिसतंय," काका पुटपुटले. "नव्या महापौरांचा काही नेम नाही." रस्ता वळत वळत गेला आणि टॅक्सी पुन्हा त्याच चौकात येऊन उभी राहिली. अकरा वाजून पाच मिनिटं झाली होती.

"आता जाऊ का उजवीकडे?"

"अजिबात नाही! मधलं वळण चुकलं तुमचं. पुन्हा घ्या!"

पुन्हा वखार, पुन्हा भिंत, पुन्हा दफनभूमी. चौकात परत आले तेव्हा अकरा एकोणीस. बाटली मांडीवर घट्ट धरून काकू खिडकीबाहेर बघत राहिल्या. त्यांचे डोळे भरून आलेले काकांना दिसले, आणि त्यांना फार वाईट वाटलं. काही सुचेना, म्हणून ते खाली उतरले आणि खांबापाशी जाऊन उभे राहिले.

शेजारच्या पेपरवाल्याने मान वर केली. "बाहेरगावचे का काका? इथे बाणाच्या उलट जायचं असतं. अकरा वर्षं झाली, सगळ्यांना माहितीय."

"मग कोणी तक्रार नाही केली?"

"केली ना. तेव्हाचे महापौर स्वतः बघायला आले होते. बाणाप्रमाणे निघाले, ते सभेला पोचलेच नाहीत. तेव्हापासून पाटी लोकांची लाडकी झालीय. हात लावू देत नाही आम्ही कोणाला."

खांबावर खाली काकांच्याच अक्षरात तारीख होती. निवडणुकीच्या निकालाचा दिवस. जिंकलेल्या पक्षाने त्या दुपारी साऱ्या खात्याला पाजली होती. शिडीवर चढल्याचं काकांना स्पष्ट आठवत होतं, उतरल्याचं नाही. पाटी दोन्ही बाजूंनी रंगवलेली, त्यामुळे मागची बाजू पुढे येऊन बाण उलटा झाला तरी अक्षरं सुलटीच दिसली.

काका टॅक्सीत येऊन बसले. "उजवीकडे घ्या," ते हळूच म्हणाले. चार मिनिटांत स्टेशन आलं. गाडी गेली होती. पुढची एक पाचची होती.

"फलाट दोन," काकांनी सवयीने जाहीर केलं.

"नक्की?" काकूंनी विचारलं.

"शंभर टक्के."

काकूंनी पिशवी उचलली आणि त्या फलाट एकवर जाऊन बसल्या. गाडी तिथेच आली.

डबा जवळजवळ रिकामा होता. प्रत्येक स्टेशनाचं नाव काका दोनदा वाचत आणि तरीही समोरच्या प्रवाशाला विचारून खात्री करून घेत. या गाडीची वाट नकाशावर त्यांनी हजार वेळा बोटाने गिरवली होती. घाट संपत आला तसे ते खाकरले. "समुद्र उजवीकडे दिसेल हं."

काकू ताडकन उठल्या आणि डावीकडच्या खिडकीशी जाऊन बसल्या.

पाच मिनिटांनी डोंगर सरला. डावीकडे, काकूंच्या खिडकीबाहेर, निळाशार समुद्र पसरला. काकूंच्या तोंडून नुसतं "अगं बाई!" एवढंच निघालं.

काका 'उजवीकडे' चुकून म्हणाले की मुद्दाम, हे त्यांनी अजून तिसऱ्या पेगलाही कबूल केलेलं नाही.