तात्यांच्या घरची गणपूर्ती

किसनतात्यांच्या घरी भाजी कोणती करायची, हे तीन वाचनांशिवाय ठरत नाही. पहिल्या वाचनात भेंडी नुसती मांडायची, तिच्यावर बोलायचं नाही. दुसऱ्यात एकेक कलम घ्यायचं: तेल किती, तिखट किती. तिसऱ्यात मतदान. तोवर आमच्याकडं जेवणं होऊन भांडी घासून झालेली असतात.

तात्या मुंबईला विधानभवनात शिपाई होते. निवृत्त होऊन आखाडा बाळापूरला आले ते पेन्शन आणि नियम दोन्ही घेऊनच. दारात बैलाच्या गळ्यातली घंटा टांगली. ती वाजली की बैठकीच्या खोलीत जमायचं. तात्या अध्यक्ष, काकू आणि लेक रेखा सदस्य. तिघं आले की गणपूर्ती झाली; दोघंच असले तर कामकाज बंद.

मी शेजारी. मी बाहेर ओट्यावर बसायचो, ती प्रेक्षक गॅलरी. एकदा शेळीच्या चर्चेत मी मधेच "विकून टाका" म्हणालो, तर तात्या कडाडले, "गॅलरीतून बोलायचं न्हाई, गजानन! बाहेर काढीन!" मी मुळात बाहेरच होतो, पण सांगतो कोण!

त्या शेळीवर काकू विरुद्ध रेखा अशी समसमान मतं पडली. अध्यक्षाला एरवी मत नसतं, अशा वेळेलाच असतं. तात्या म्हणाले, "अध्यक्षानं हाय तसंच राहू द्यायच्या बाजूनं मत द्यायचं. जुनी रीत हाय." शेळी राहिली. फ्रीजही याच रितीनं अजून आलेला नाही.

मग नर्सिंग शिकलेल्या रेखाला पुण्याच्या दवाखान्यात नोकरी लागली. काकूंचा साफ विरोध.

"एकुलती एक पोरगी इतक्या लांब काहून धाडायची? हिंगोलीत दवाखाने न्हाईत का?"

"आई, कधीची अर्ज करून राहिले मी. आत्ता कुठं लागली," रेखा रडवेली झाली.

तिन्ही वाचनं रीतसर झाली. मतं पुन्हा समसमान. काकू निवांत भिंतीला टेकल्या, कारण रीत त्यांच्या बाजूला होती. तात्यांनी घसा खाकरला, लेकीकडं पाहिलं.

"अध्यक्षाचं मत... होय."

"आन् रीत?" काकू ओरडल्या.

"रीत मोडली. तशी नोंद घ्या."

काकूंनी सभात्याग केला. रेखा पुण्याला गेली, आणि काकू काही बैठकीत येईनात. घंटा वाजायची, तात्या एकटेच बसून राहायचे. भाजीसुद्धा चर्चेविना ताटात पडू लागली. खरं सांगतो, मला वाईट वाटायचं.

परवा संध्याकाळी घंटा थांबेचना. वैतागून गेलो आणि सवयीनं ओट्यावर बसलो.

"तिथं नको. आत ये."

"तात्या, मी तर बाहेरचा."

"आजच्यापुरता नियम शिथिल केलाय. सदस्य हायेस तू."

मी खुर्ची ओढली.

"ती न्हाई! ती रेखाची हाय."

मी सतरंजीवर बसलो. तात्यांच्या हातात कागद होता.

"परवानगीविना सदस्य साठ दिवस गैरहजर राहिला, तर त्याची जागा रिकामी करता येते. उद्या साठ भरतात, गजानन. पोरीची जागा जायला नको रे."

मी हसणार होतो. हसूच आलं नाही.

"पण आपण दोघंच," मी म्हणालो.

तात्या स्वयंपाकघराकडं तोंड करून मोठ्यानं वाचू लागले, "सदस्य रेखा यांना घरापासून दूर राहण्याची परवानगी द्यावी. जे अनुकूल असतील..."

भाकरीच्या पिठाचे हात घेऊन काकू उंबरठ्यात आल्या. क्षणभर थांबल्या, मग आत येऊन माझ्याशेजारी बसल्या.

"होय," त्या म्हणाल्या. डोळे भरले होते. "पण माझी दुरुस्ती हाय. पोळ्यापर्यंतच. पोळ्याला लेकरू घरी पाहिजे."

भेंडीला तीन वाचनं लावणाऱ्या तात्यांनी ती दुरुस्ती एकाच वाचनात मंजूर केली.