खंडेनवमीचे हार

"पुन्हा एकदा पाणी उकळलं, तर हँडल माझ्या हातात द्यायचं आणि येळ्ळूरला जाऊन नांगर धरायचा," रघुवीरअण्णांनी ड्रायव्हर भरमूला बजावलं होतं.

उन्हाळ्यात त्यांच्या बेळगाव-निपाणी मोटारीचं पाणी वाटेत आटलं, इंजीन जळलं आणि गाडी पंधरा दिवस दारात उभी राहिली. म्हणून अण्णांनी मुंबईहून एक उष्णतामापक मागवला. रेडिएटरच्या झाकणावर बसवलेली गोल काच, आत लाल रेघ. रेघ वरच्या खुणेला टेकली, की पाणी उकळलंच समजायचं.

खंडेनवमीला अण्णांनी गाडीची पूजा केली, पुढच्या जाळीवर झेंडूचा हार बांधला आणि दुसऱ्या मोटारीनं ते निपाणीला पुढे गेले. "हार उद्यापर्यंत काढायचा नाही," एवढं सांगून.

भरमूशेजारी शरच्चंद्र नावाचा उतारू बसला होता. नुकताच बी. एस्सी. झालेला. लाल रेघ दिसताच त्यानं खिशातून वही काढली.

काकतीला रेघ अर्ध्यावर आली. भरमूनं गाडी थांबवून पाणी ओतलं. पूजेची मोटार दारात थांबलेली बघून लोक धावले, कुंकू लावलं, आणखी एक हार घातला.

"नऊ वाजून दहा मिनिटं, दीड घागर पाणी," शरच्चंद्रनं लिहिलं.

यमकनमर्डीला रेघ पाऊण झाली. परत पाणी, परत हार. या खेपेला दोन.

"एवढं पाणी तर आमची म्हस बी पीत न्हाय," मागून वडगावच्या अंबुबाई म्हणाल्या.

"आक्का, गप बसा. हितं माझी भाकर उकळाय लागलीया."

"चढामुळे असेल," शरच्चंद्र म्हणाला.

"चढ कवाच मागं ऱ्हायला की वो!"

"मग पाण्यात क्षार असतील."

"असूं देत. खाली येतीया का रेघ, तेवढं सांगा."

रेघ खाली येत नव्हती. संकेश्वरात शिरताना ती खुणेच्या केसभर खाली होती. भरमूनं गाडी विहिरीजवळ उभी केली आणि बादली घेऊन पळाला. तेवढ्यात तिथल्या लोकांनी पाचवा हार चढवला. जाळी तर राहोच, आता दिवेही दिसेनात.

भरमू परत आला तेव्हा एक गाय जाळीत तोंड खुपसून उभी होती. तीन हार तिच्या पोटात गेले होते, चौथा अर्धा बाहेर लोंबत होता.

"अगं ए! हाऽट!" भरमूनं बादली ठेवून हात उगारला.

"खबरदार हाकललास तर!" अंबुबाई ओरडल्या. "सणादिवशी गाय घास घ्याय लागलीया, आनि तू तिच्या अंगावर जातूस?"

गाईनं पाचवाही सावकाश संपवला. भरमू कपाळाला हात लावून उभा राहिला. इंजीन जाणारच होतं, आता अण्णांचा हारही गेला.

पण गाडी सुटली आणि मैलभरात रेघ खाली सरकली. कणगल्याला ती निम्म्याच्याही खाली होती. शरच्चंद्र एकदम उठला आणि त्याचं डोकं छताला आपटलं.

"वारा! हारांनी जाळी बुजली होती. वारा आत जातच नव्हता!"

"मग सकाळधरनं तुमी त्या वहीत काय लिवत हुता?"

शरच्चंद्रनं वही चाळली. वेळ, पाणी, चढ, सगळं होतं. फुलांसाठी रकाना नव्हता.

भरमू हसला. बेळगाव सोडल्यापासून पहिल्यांदाच. तवंदीचा घाट तो लावणी म्हणत उतरला.

निपाणीला अण्णा अड्ड्यावरच उभे होते. त्यांनी आधी काच पाहिली. रेघ तळाशी होती. मग त्यांची नजर जाळीवर गेली.

"हार कुठाय?"

"अण्णा, गाईनं खाल्ला. सगळा. म्या हात बी लावला न्हाय."

अण्णांनी भरमूकडं पाहिलं, मग हात जोडले. "गोमातेनं प्रसाद घेतला! भाग्य रे आपलं!" आणि वळून त्यांनी दुकानाच्या फळीवरून मनगटाएवढा जाड हार उचलला. "हे बघ, स्वागताला करून ठेवलाय. बांधू जाळीवर."

परतीची गाडी चार वाजता होती. भरमूनं शरच्चंद्रकडं पाहिलं, शरच्चंद्रनं भरमूकडं. भरमू पुढं झाला, अण्णांच्या हातातला हार घेतला आणि त्यांच्याच गळ्यात घातला.

"अण्णा, तुमची काच हुती म्हणून गाडी वाचली. आजचा मान तुमचा."

उतारूंनी टाळ्या वाजवल्या. अण्णा लाजले, पण फुलले.

"उद्यापातूर काढायचा न्हाय हं," अंबुबाईंनी बजावलं.

दुपारचं ऊन, बंद गळ्याचा कोट आणि वर तो हार. थोड्याच वेळात अण्णांचं तोंड गळ्यापासून वर लाल होत गेलं. भरमूनं ती लाली कपाळापर्यंत चढू दिली. मग बादली उचलली.

"अण्णा, पाणी आणू?"