सांबारवडीत सांबार नाही

बडनेऱ्याच्या स्टेशन रस्त्यावर पंजाबराव बावीस वर्षांपासून सांबारवडी विकतो, आणि या बावीस वर्षांत त्याच्याकडे कसलीही रणनीती नव्हती. ही बाब किती गंभीर आहे हे समोर मोमोचं दुकान उघडल्यावर त्याला कळलं. तिकडे रांग, इकडे माशा. दुकान बसलं तर आपल्याला दुसरं काय येतं, या धास्तीनं बिचाऱ्याला जेवण जाईना.

शेवटी त्यानं भाच्याला बोलावलं. नितेश पुण्याहून डिजिटल मार्केटिंगचा तीन महिन्यांचा कोर्स करून आला होता. पंजाबरावानं गरम वडी पुढे केली, ती त्यानं हातानंच परत सारली. पहिल्या टप्प्यात उत्पादनापासून भावनिक अंतर राखायचं असतं म्हणे.

"मामा, तुमचा टार्गेट ऑडियन्स कोण?"

"भूक लागलेला माणूस."

"इतकं मोघम नाही चालत."

चार दिवसांत त्रेचाळीस पानी आराखडा आला. त्यात वडीचं वय होतं, वडीचा स्वभाव होता, वडीचे छंदसुद्धा होते. पंजाबरावाची बायको पार्बताबाई ऐकता ऐकता म्हणाली, "वडीले स्थळ पाहून राहिला का रे हा पोट्टा?"

आता सांबार म्हणजे कोथिंबीर, हे वऱ्हाडात कोणाला सांगावं लागत नाही. वडीत तो खच्चून भरलेला असतो, म्हणून ती सांबारवडी. पण नितेशनं पोस्टसाठी चित्र एआयकडून काढून घेतलं, आणि त्या बापड्याला इडलीसोबतचाच सांबार ठाऊक. त्यानं वाटीभर डाळ काढली, तीत शेवग्याच्या शेंगा सोडल्या आणि मधोमध वडी पोहायला लावली.

"अरे, हे काय केलं? आपला सांबार हिरवा असते ना!"

"मामा, पोस्टांचं कॅलेंडर लॉक झालं. मंजूर मजकुरात दुरुस्ती पुढच्या तिमाहीत."

पोस्टला चाळीस हजार लाइक पडले. दुसऱ्या दिवशी दुकानापुढे ही गर्दी! पंजाबरावाला हर्षवायू व्हायचा बाकी राहिला. पहिल्या गिऱ्हाइकानं वडी फोडली आणि विचारलं, "सांबार कुठी आहे?"

"हा काय, अंदर."

"हे तं कोथिंबीर आहे!"

माणूस चांगला अचलपूरचा. घरी रोज सांबाराची जुडी निवडणारा. पण पोस्ट पाहिली होती, त्यामुळे त्याचा स्वतःच्या जिभेवरचा विश्वास उडाला होता. दिवसभरात शंभर जणांनी दुकानाला एकेक तारा दिला आणि खाली लिहिलं, फसवणूक.

नितेशनं तातडीची बैठक घेतली. पोस्ट चाळीस हजारांना आवडली आहे, वडी शंभरांना आवडलेली नाही. सबब चूक वडीची आहे, असा ठराव झाला.

"उत्पादन आशयाशी सुसंगत करा, मामा."

"म्हंजे?"

"शेंगा टाका."

टाकल्या बापा! करता काय? कुरकुरीत वडी डाळीत पडली की दोन मिनिटांत लगदा. कांदा चिरायचा नसतानाही पार्बताबाईचे डोळे भरून यायचे. लोक वाटीचा फोटो काढत, वडी तशीच टाकून जात, आणि पाच तारे देत. तिकडे अकोल्यातही दुकानं निघाली: 'अस्सल वऱ्हाडी सांबारवडी, दोन शेंगांसह'.

मग एक दिवस रेल्वेतले बुधाजी आले. ड्यूटीवर जाताना दोन वड्या नेण्याचा त्यांचा वर्षानुवर्षांचा नेम. त्यांनी वाटीत पाहिलं, पंजाबरावाकडे पाहिलं, आणि एक शब्द न बोलता निघून गेले. ते मात्र पंजाबरावाला सोसलं नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

सकाळी त्यानं जुनी वडी तळली. फोडली, हिरवीगार दिसेल असा फोटो काढला आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतः लिहिलं: 'हे आपली खरी सांबारवडी.'

तासाभरात तीनशे बारा प्रतिक्रिया. 'सांबार कुठी आहे?' 'डुप्लिकेट.' 'खरी अकोल्यात भेटते.' इतक्या तक्रारी गेल्या की फोटो दिशाभूल करणारा म्हणून काढून टाकण्यात आला.

"कोण लोक आहेत रे हे?" पंजाबरावानं विचारलं.

"आपलेच, मामा. सगळे इथलेच."

पंजाबरावानं नावं वाचली नाहीत. उद्या रस्त्यात भेटले तर रामराम कसा घालायचा, म्हणून. मी वाचली. सत्तेचाळिसावं तुमचं आहे.